१९७१ आणि त्या ट्रकची गोष्ट

पुणे, रविवार

प्रिय अविनाश,

कॅलगरीहून तू पाठवलेला फोटो सकाळी उठल्याउठल्या पाहिला आणि चहा करायचा राहून गेला. खाली तू लिहिलंस, "हा रोलिंग स्टोन्सचा ट्रक म्हणे. इथल्या संगीत संग्रहालयात ठेवलाय. यात एवढं काय आहे?" पुढे असंही विचारलंस की १९७१ सारखं वर्ष पुन्हा झालं नाही असं मी कायम म्हणतो ते खरं, की आता वय बोलायला लागलंय?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. १९७१ मध्ये आपण दोघं जन्मलोही नव्हतो. आपल्या हाती ही गाणी आली तेव्हा ती वीस-पंचवीस वर्षांची झाली होती. होस्टेलवर सीनियरच्या कॅसेटवरून टेप केलेली, ती कॅसेटही कुणाकडून तरी टेप केलेली. त्यामुळे याला तारुण्याच्या आठवणींचं रंजन म्हणता येत नाही. जे आपलं कधीच नव्हतं ते ऐकून आपण वेडे झालो, आणि आजही होतो. याचं कारण त्या रेकॉर्डमध्येच असलं पाहिजे. ते कारण मला बरीच वर्षं नेमकं सांगता येत नव्हतं. तुझ्या फोटोने ते समोर आणून ठेवलं, म्हणून हे लांबलचक पत्र.

त्या ट्रकमागे डोकं होतं इयन स्टुअर्टचं. हा रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा अगदी पहिल्यापासूनचा पियानोवादक. बँडच्या रुपात बसत नाही म्हणून मॅनेजरने १९६३ मध्ये त्याला रंगमंचावरून खाली उतरवलं, पण तो सोडून गेला नाही. सामान वाहिलं, दौरे सांभाळले, रेकॉर्डवर पियानो वाजवत राहिला. त्याच्या मनात आलं, स्टुडिओत ठरलेल्या तासांत जाऊन वाजवायचं, त्यापेक्षा स्टुडिओच ट्रकमध्ये घालून घरी नेला तर? आत फक्त रेकॉर्डिंगची यंत्रं आणि इंजिनिअर. बँड घरात वाजवणार, केबल खिडकीतून ट्रकपर्यंत येणार.

आता १९७१ कडे बघ. त्या वर्षातले सगळ्यात मोठे आवाज या एकाच ट्रकमधून गेलेत.

वर्षाच्या सुरुवातीला तो हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या वास्तूबाहेर उभा होता. १७९५ मध्ये बांधलेलं ते गरिबांचं आश्रयगृह, लेड झेपेलिन हा बँड तिथे पोचला तेव्हा थंडगार आणि ओलसर होतं. त्यांचा ड्रमर जॉन बॉनम, त्याचा ड्रम सेट खालच्या हॉलमध्ये, उंच जिन्याच्या पायथ्याशी मांडला. अँडी जॉन्स हा इंजिनिअर. त्या काळी ड्रमला चिकटून माईक लावायची पद्धत होती. याने जिन्यावर जाऊन वरून दोन माईक खाली सोडले आणि बाकीचं काम त्या रिकाम्या हॉलवर सोपवलं. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चा तो पहिला ठोका तू पुन्हा ऐक, आणि या वेळी चांगल्या हेडफोनवर. बॉनमचा हात ऐकू येतोच, पण त्याच्याभोवतीच्या भिंती ऐकू येतात, जिन्याची उंचीसुद्धा ऐकू येते. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावर मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांनी १९२९ मध्ये केलेलं ते साधं ब्लूज गाणं. त्या हॉलमध्ये आल्यावर ते खरोखर पुरासारखं अंगावर येतं. आपल्या कॅसेटवर यातलं काहीच नव्हतं, नुसती खरखर आणि धपधप. तरीही आपण थांबून ऐकायचो, याचं मला आज जास्त नवल वाटतं.

त्याच रेकॉर्डवरचं 'रॉक अँड रोल' लाव. शेवटाकडे जो पियानो धावतो ना, तो इयन स्टुअर्टचा. ट्रक त्याच्या डोक्यातून निघाला आणि पियानोवरही तोच. ही गोष्ट मला कळली तेव्हा फार बरं वाटलं. ज्याला फोटोत उभं राहायची परवानगी नव्हती, त्याचा हात त्या वर्षाच्या सगळ्यात गाजलेल्या रेकॉर्डवर उमटलाय. आणि त्या रेकॉर्डच्या वेष्टनावरही कुणाचंच नाव नाही! ८ नोव्हेंबर १९७१ ला ती आली तेव्हा बाहेर ना बँडचं नाव होतं ना अल्बमचं. आत चौघांची चार चिन्हं, बस्स. एवढा प्रसिद्ध बँड नाव न लावता दुकानात उभा राहिला, आणि लोकांनी तो ओळखला.

'स्टेअरवे टू हेवन'बद्दल मी काही लिहीत नाही. त्याच्यावर आपण होस्टेलच्या गच्चीवर पुरेसं बोललोय.

त्याच परगण्यात स्टोन्सचा गायक मिक जॅगर याचं स्टारग्रोव्ह्स नावाचं घर होतं. एप्रिलमध्ये 'द हू' हा बँड तिथे पोचला, तोच ट्रक घेऊन. त्यांचा गिटारवादक आणि गीतकार पीट टाउनशेंड तेव्हा अक्षरशः मोडून पडलेला होता. 'लाइफहाऊस' नावाचा प्रचंड मनसुबा त्याने रचला होता: भविष्यकाळात घडणारी कथा, चित्रपट, श्रोत्यांना सामावून घेणारी मैफल, सगळं एकत्र. ते कुणाला नीट समजलं नाही, आणि समजावता समजावता तो खचला. मग ग्लिन जॉन्सने, म्हणजे अँडीच्या थोरल्या भावाने, सांगितलं की कथा बाजूला ठेव, गाणी उत्तम आहेत, एकच रेकॉर्ड करू. ती 'हूज नेक्स्ट'. त्यातल्या प्रत्येक गाण्यात मागे मोठी इमारत होती आणि ती पाडली गेली, हे जाणवत राहतं. म्हणूनच 'वोन्ट गेट फूल्ड अगेन' साडेआठ मिनिटं चालूनही लांबलेलं वाटत नाही. सिंथेसायझरचा तो लांब एकटा भाग, मग कीथ मूनचा ड्रम, मग रॉजर डाल्ट्रीची किंकाळी. गायकाने रॉकमध्ये याहून मोठं काही केलं असेल असं मला वाटत नाही.

आणि अरे, तू नगरचा! 'बाबा ओ'रायली' या नावातले बाबा म्हणजे तुमचे मेहेर बाबा. पुण्यात जन्मलेले, १९२५ पासून अखेरपर्यंत मौन पाळलेले, अरणगावजवळ मेहेराबादला ज्यांची समाधी आहे ते. दुसरं अर्धं नाव अमेरिकन संगीतकार टेरी रायलीचं. माणसाच्या आयुष्याचा तपशील यंत्रात घालून त्यातून त्याचं संगीत काढायचं, अशी टाउनशेंडची कल्पना होती, आणि ज्यांचा तपशील घालावा असे त्याचे गुरू हेच. प्रत्यक्षात तो फिरता सुरुवातीचा तुकडा लॉरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनवर वाजवलेला आहे. पण त्या सुरांची धाव ऐकताना मला वाटतं की मूळ कल्पना तिथे शिल्लक आहे. शेवटी डेव्ह आर्बसचं व्हायोलिन येतं आणि लय वाढत वाढत जाते, तेव्हा कोणत्याही भजनी मंडळातला माणूस मान डोलवेल. याच रेकॉर्डवर 'बार्गेन' आहे. सगळे ते प्रेयसीचं गाणं समजून ऐकतात. ते देवासाठी स्वतःला देऊन टाकण्याचं गाणं आहे. दौंड रस्त्याने आपण कितीदा गेलो असू, आणि गाडीत हेच वाजत असेल.

उन्हाळ्यात ट्रक फ्रान्सला गेला. ब्रिटनमधल्या करापायी स्टोन्सनी देश सोडला होता. त्यांचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सने विलफ्रांशला समुद्राकाठी नेलकोट नावाचा बंगला घेतला आणि तळघरात रेकॉर्डिंग सुरू झालं. उकाडा इतका की गिटार सुरातून उतरायच्या. ती रेकॉर्ड, 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट', पुढच्या वर्षी, मे १९७२ मध्ये आली, म्हणून तिला १९७१ च्या खात्यात धरायचं की नाही यावर तू माझ्याशी भांडशील. धर किंवा सोड. मला तिच्यातला तळघराचा घाम पुरतो. १९७१ च्या एप्रिलमध्ये त्यांची 'स्टिकी फिंगर्स' आलीच होती, अँडी वॉरहॉलच्या कल्पनेतल्या खऱ्या झिपच्या वेष्टनासह. त्या झिपने आतल्या रेकॉर्डला खड्डे पडायला लागले. मग झिप मध्यापर्यंत उघडून पाठवायची युक्ती निघाली, म्हणजे खड्डा पडलाच तर मधल्या कागदी लेबलवर. जॉन पाशने काढलेली ती लाल जीभही तिथेच पहिल्यांदा आली. तिच्यामागे आपल्या कालीमातेचं चित्र होतं, जॅगरने त्याला दाखवलेलं.

डिसेंबरात ट्रक स्वित्झर्लंडमध्ये, मॉन्त्रोला. डीप पर्पल या बँडला तिथल्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करायचं होतं. ४ डिसेंबरला फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात कुणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर गन उडवली आणि कॅसिनो जळून खाक झाला. तळ्यावर धूर पसरला. त्यावरचं 'स्मोक ऑन द वॉटर' तुला पाठ आहे, गिटार हातात घेतलेल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. मला सांगायचंय ते त्यानंतरचं. पॅव्हिलियन नावाच्या नाट्यगृहात त्यांनी त्या गाण्याचं वादन कसंबसं टेप केलं, तोवर शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून पोलीस दारात. मग हिवाळ्यामुळे बंद असलेलं ग्रँड हॉटेल मिळालं. बोळात गाद्या उभ्या करून वाद्यं मांडली. वाजवलेलं कसं झालं हे ऐकायला ट्रकपर्यंत जायचं तर खोल्या, बाल्कन्या, अंगण ओलांडत जावं लागे, तेही थंडीत. मग ते जायचेच बंद झाले. जमलं असं वाटलं की पुढचं गाणं. त्या 'मशीन हेड' रेकॉर्डमध्ये जी घाई आणि खात्री आहे ती मला तिथून आलेली वाटते.

आता माझं म्हणणं मांडतो. त्या वर्षी जागांनी संगीतात भाग घेतला. बीटल्स फुटले होते, जिमी हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन १९७० मध्येच गेले होते, मोठ्या स्टुडिओच्या शिस्तीतून बँड बाहेर पडत होते, आणि जो जिना, जे तळघर, जो बोळ समोर आला त्याला त्यांनी वाद्यासारखं वापरलं. ट्रक नव्हता तिथेही हेच दिसतं. लॉस एंजलिसमध्ये द डोअर्सचा निर्माता काम सोडून गेला, तेव्हा त्यांनी 'एल. ए. वूमन' आपल्या ऑफिसातच केली आणि जिम मॉरिसन बाथरूमच्या दारात उभा राहून गायला. रेकॉर्ड एप्रिलमध्ये आली, ३ जुलैला तो पॅरिसमध्ये गेला. मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट नाट्यगृहात ऑलमन ब्रदर्सचं वादन टेप झालं. त्यात 'व्हिपिंग पोस्ट'ची सुरुवात ११ मात्रांची आहे, मोजून बघ. तिच्यात प्रेक्षकांचा श्वास आहे. त्यांचा गिटारवादक ड्युएन ऑलमन ऑक्टोबरमध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेला, २४ वर्षांचा. ही रेकॉर्ड मी वर्षातून एकदाच, पूर्ण ऐकतो. मध्ये थांबवत नाही.

पिंक फ्लॉइडची 'मेडल' या म्हणण्यात बसत नाही, हे मला मान्य आहे. ती पूर्णपणे स्टुडिओत, तुकडे जोडून झालेली. सुटे तुकडे होते, त्यांना नावसुद्धा 'नथिंग' आणि पुढे क्रमांक असं होतं. त्यातून २३ मिनिटांचं 'इकोज' उभं राहिलं. रिक राइटच्या पियानोचा एक सूर लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून काढला आणि पाण्यात थेंब पडावा तसा आवाज मिळाला. ती रेकॉर्ड मला इतकी प्रिय आहे की तिच्यासाठी माझं म्हणणं थोडं मोडलं तरी चालेल.

ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी, त्यालाही वगळवत नाही. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि हा डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात तोच. प्लास्टिक वितळवून त्याने बोटांसाठी टोपणं केली. 'मास्टर ऑफ रिॲलिटी'मध्ये तारा तीन अर्धस्वरांनी उतरवल्या, बोटांना कमी जोर लागावा म्हणून. तो जडपणा पुढे अख्ख्या जगाने उचलला.

आणि १ ऑगस्टची मॅडिसन स्क्वेअर गार्डन. रविशंकरांनी जॉर्ज हॅरिसनला निर्वासितांसाठी काही कर म्हटलं, आणि बांगलादेशसाठी एका दिवसात दोन कार्यक्रम झाले. सुरुवातीला सतार, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ. वाद्यं जुळवून झाली आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकर शांतपणे म्हणाले की जुळवणंच इतकं आवडलं असेल, तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. ढाक्यातली शरणागती १६ डिसेंबरची, आणि तीन तबकड्यांचा हा अल्बम अमेरिकेत २० डिसेंबरला आला. माझे वडील त्या युद्धाच्या बातम्या रेडिओवर ऐकत होते. त्याच आठवड्यात तिकडे दुकानात अल्लारखाँ वाजत होते, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिले.

तुझ्यासाठी एक काम आहे, आणि ते तुलाच जमेल, कारण तू सहा वर्षं तबला शिकलायस. लेड झेपेलिनच्या त्याच रेकॉर्डवर 'फोर स्टिक्स' आहे. बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून ते वाजवलंय, पाच आणि सहाच्या वजनात आलटून पालटून. ऑक्टोबर १९७२ मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईला आले आणि इथल्या वादकांना घेऊन तेच गाणं पुन्हा टेप केलं. ते अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं, 'फोर हँड्स' या नावाने. आधी मूळ ऐक, मग हे. त्यातला तबलजी पाच आणि सहाच्या सांध्यावर नेमकं काय करतो, ठेका बदलतो की एकच ठेका ओढून नेतो, ते मला बोल लिहून कळव. मी हाताने मोजत बसलो आणि दर वेळी सम वेगळ्याच ठिकाणी सापडते आहे.

वहिनींना नमस्कार, पिल्लांना गोड पापा.

तुझा,
श्रीकांत