तोल मोजतो, शिकवतो कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘खेलो इंडिया’च्या तंदुरुस्ती चाचणीत ५ ते ८ वर्षांच्या मुलांची उंची-वजनाखेरीज दोनच गोष्टींत परीक्षा होते : फ्लेमिंगो तोल चाचणी आणि प्लेट टॅपिंग (दोन चकत्यांना एका हाताने आळीपाळीने झटपट स्पर्श करणे). तोल आणि हाता-डोळ्यांचा मेळ या वयात तपासावा हे योग्यच. पण फ्लेमिंगोची पट्टी ५० सेंमी लांब, ५ सेंमी उंच आणि जेमतेम ३ सेंमी रुंद असते. तिच्यावर एका पायाने उभे राहायचे, दुसरा पाय मागे दुमडून हाताने धरायचा आणि मिनिटभरात तोल किती वेळा गेला ते मोजायचे. पहिल्या ३० सेकंदांत १५ पेक्षा जास्त वेळा गेला, की शून्य. जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेतला बीम, म्हणजे तोल साधत कसरत करायची तुळईसुद्धा १० सेंमी रुंद असते! ज्या मुलाला ही पट्टी चाचणीच्याच दिवशी पहिल्यांदा दिसते, ते शून्य घेऊन वर्गात परतते. नोंद भरली जाते, शिकवायचे राहून जाते.

वास्तविक त्यासाठी फक्कीची १० सेंमी रुंद आणि ५ मीटर लांब रेघ पुरते. मैदान स्वच्छ असेल तर बूट काढावेत. जाड तळव्याच्या बुटात पायाला जमीन कळत नाही. आधी साधे चालणे, मग टाचेला चवडा लावत, मग उलटे, मग डोक्यावर वाळूची पिशवी ठेवून. रेघ जमली की तेवढ्याच रुंदीची फळी दोन विटांवर आडवी ठेवावी. फ्लेमिंगोची पट्टी त्यानंतर. ‘खाली बघून चाल’ ही सूचना मात्र बंद व्हायला हवी. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. पावलांकडे पाहिले की ते पुढे झुकते आणि मूल त्याच्या मागोमाग जाते. नजर रेघेच्या टोकावर हवी.

एका पायावर उभे करतानाही समोर ३ मीटरवर, डोळ्यांच्या उंचीवर एखादी खूण द्यावी. नेहमीच्या चुका तीन : गुडघा ताठ करणे, श्वास कोंडणे, उचललेला पाय दुसऱ्या पायाला टेकवणे. गुडघा किंचित सैल असला तरच घोटा बारीक दुरुस्त्या करू शकतो. दोन्ही पायांवर १०-१० सेकंद जमू लागले की हात हलवणे, मग त्याच स्थितीत पिशवी झेलणे. डोळे मिटून उभे राहणे सगळ्यात शेवटी, कारण या वयात तोलाचा मोठा भार नजरेवरच असतो. लंगडी उत्तम खेळ, पण लंगडी घालत पाठलाग करणाऱ्याला पाय बदलता येत नसल्याने मुले कायम आवडत्या पायावरच येतात आणि दुसरा कच्चा राहतो. सरावात एक फेरी उजव्या, एक डाव्या पायाची हवी.

झेलण्यात सर्वाधिक चुका होतात आणि मुळाशी बहुधा भीती असते. पहिल्याच दिवशी टेनिसचा चेंडू फेकला, तर मूल डोळे मिटते, मान फिरवते आणि ताठ हातांनी टाळी वाजवते. म्हणून सुरुवात जुन्या ओढणीच्या तुकड्याने करावी. तो तरंगत उतरतो, डोळ्यांना वेळ मिळतो. मग फुगा, मग पिशवी. पिशवी १५ सेंमी चौरस, जाड कापडाची, आत सुमारे १०० ग्रॅम चिंचोके, शिवण दुहेरी. ती घरंगळत नाही, त्यामुळे सुटली तरी मागे धावण्यात तास जात नाही. त्यानंतर २० सेंमी व्यासाचा मऊ चेंडू, आधी टप्पा पडलेला, मग दीड-दोन मीटरवरून खालून टाकलेला थेट. झेलताना कोपरे वाकलेली हवीत आणि चेंडू पोटाकडे ओढून घ्यायला हवा.

दोरीच्या उड्यांचा गोंधळ दोरीच्या मापापासून सुरू होतो. मध्यावर पाय ठेवला की टोके काखेपर्यंत यावीत. आधी दुमडलेली दोरी एका हातात घेऊन बाजूला फिरवावी आणि जमिनीवरच्या आवाजावर उडी मारावी. एका फेऱ्यात दोन उड्या पडल्या तर सुरुवातीला पडू द्याव्यात. लेझीमही तशीच : आधी फक्त पाय, मग फक्त हात, नंतर दोन्ही.

आणि रांग. ४० मुले, एक चेंडू, प्रत्येकाला अर्धा मिनिट धरले तर एकेक पाळी होईपर्यंत २० मिनिटे संपतात. ३५ मिनिटांच्या तासात दुसरी पाळी सगळ्यांच्या वाट्याला येतच नाही. वीस पिशव्या आणि वीस जोड्या केल्या की सगळी मुले सतत हलती राहतात. ‘आउट’चे खेळ तर या वयात उलटेच काम करतात, ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, तोच आधी बाहेर बसतो. बाद झालेल्याने रेघेवर एक फेरी मारून परत खेळात यावे.

शाळांनी ‘खेलो इंडिया’ची ही चाचणी जूनमध्ये आणि पुन्हा फेब्रुवारीत घ्यावी आणि मुलाची तुलना त्याच्याच जूनच्या आकड्याशी करावी, एवढी आमची मागणी आहे. इतके महिने सराव होऊनही जे मूल एका पायावर क्षणभर टिकत नाही किंवा सपाट जागीही वारंवार पडते, त्याला ‘वेंधळा’ न म्हणता त्याचे डोळे आणि कान डॉक्टरांकडून तपासून घ्यायला पालकांना सांगावे.

आपले,
शारीरिक शिक्षणाचे काही प्राथमिक शिक्षक