वार पडल्यानंतरचे दोन तास

मुलुंड, मुंबई

चि. मृण्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

येत्या सोमवारपासून तुझी ड्यूटी लेबर रूममध्ये लागल्याचे तू काल फोनवर सांगितलेस आणि मी नेहमीप्रमाणे ‘जेवलीस का’ एवढेच विचारून फोन ठेवला. ज्या कामात 36 वर्षे गेली त्याबद्दल मला फोनवर धड बोलता येत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. बाळ कसे घ्यावे, नाळ कधी कापावी हे तुला कॉलेजात शिकवले आहेच. मला सांगायचे आहे ते त्यानंतरच्या दोन तासांविषयी.

बाळ रडले की खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. डॉक्टर पलीकडच्या टेबलाकडे वळतात, आयाबाई बातमी घेऊन बाहेर जातात, आणि बाळंतिणीकडे काही वेळ कोणाचेच लक्ष नसते. तिला सर्वांत मोठा धोका नेमका तेव्हाच असतो. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडे मिनिटाला साधारण अर्धा लिटर रक्त जात असते. वार, म्हणजे बाळाला पोसणारी अपरा, सुटल्यावर तिथल्या उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या मिटतात त्या पिशवी आवळली जाते म्हणूनच, आणि ती सैल राहिली तर काही मिनिटांतच बाई हातची जाऊ शकते. बाळ बाहेर येताच, आत दुसरे बाळ नाही याची खात्री करून, पहिल्या मिनिटात ऑक्सिटोसिनचे 10 युनिट देतात ते यासाठीच. पण इंजेक्शन दिले म्हणजे आपले काम संपले, असे मात्र नाही.

मला नोकरीला लागून तीन वर्षे झाली असतील. एका लहान प्रसूतिगृहात रात्रपाळीला मी आणि एक आयाबाई अशा दोघीच होतो आणि तासाभरात तीन बाळंतपणे झाली. त्यातली एक बाई चौथ्या खेपेची, शांत स्वभावाची. तिचा पॅड दोनदा पाहिला, फारसा भिजलेला नव्हता. मग तिने पाणी मागितले, आणि थोड्या वेळाने ‘सिस्टर, गरगरतंय’ म्हणाली. तिला कुशीवर वळवले तेव्हा कमरेपासून पाठीपर्यंत अंथरूण रक्ताने भरलेले दिसले. लघवीची पिशवी तट्ट फुगलेली होती, तिने गर्भपिशवी वर आणि उजवीकडे ढकलली होती, आणि हाताला ती मळलेल्या कणकेसारखी मऊ लागली. कॅथेटर घातला, पोट चोळले, डॉक्टरांना उठवले, मोठ्या रुग्णालयातून रक्त आणवले, आणि ती वाचली. तिच्या कागदावर मात्र अर्ध्या तासापूर्वीच ‘पिशवी कडक’ असे लिहिलेले होते. ते अक्षर माझे होते, आणि मी पोटाला हात लावलेला नव्हता. ही गोष्ट मी तुझ्या बाबांनाही कधी सांगितलेली नाही.

म्हणून पहिले दोन तास दर 15 मिनिटांनी नाभीपाशी हात ठेव. पिशवी नारळासारखी कठीण लागली पाहिजे. तिला लघवी करायला लाव. तिला कुशीवर वळवून खालचे अंथरूण पाहा. नाडी स्वतः मोज, कारण तरुण बाईचे शरीर बराच वेळ सांभाळून घेते, रक्तदाब उशिरा घसरतो आणि नाडी त्याआधीच वाढू लागते. 500 मिलिलिटर ही पुस्तकातली मर्यादा आहे. 7 हिमोग्लोबिन घेऊन बाळंतपणाला आलेल्या बाईला तेवढे रक्त जाणेही झेपत नाही. बाळंतीण डोके दुखते किंवा डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाली, तर गोळी देण्याआधी रक्तदाब घे, कारण झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात.

बाळाला या सगळ्यातून दूर नेऊ नकोस. ते पुसून कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेव आणि पहिल्या तासात अंगावर पाजायला लाव. त्याने बाळ ऊबदार राहते आणि ते चोखू लागले की आईच्या शरीरात तेच ऑक्सिटोसिन तयार होऊन पिशवी आवळते. बाहेर कुणी सासूबाई मधाचे बोट घेऊन उभ्या असतील आणि चीक पिळून टाकायला सांगतील. त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस; चीक हेच बाळाचे पहिले औषध आहे असे सांग आणि मधाची बाटली गोड बोलून परत पाठव. डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांना माझी काहीच हरकत नाही. बाळ कमी दिवसांचे असेल आणि आईला दूध येत नसेल, तर पावडरच्या डब्याआधी दूधपेढीची, म्हणजे इतर आयांनी दिलेले दूध साठवून ठेवतात त्या जागेची, चौकशी कर. आशियातली पहिली दूधपेढी 1989 साली आपल्याच शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, तरी पुष्कळ घरांना अजून तिची माहिती नसते.

एक गोष्ट तुला ऐकायला बोचेल. कळा देणाऱ्या बायकांवर ओरडण्याची आमच्या पिढीला सवय होती, आणि मीही ओरडले आहे. तिची भाषा तेलुगू असो की भोजपुरी, खेकसणे तिला बरोबर कळते. मग गरगरायला लागले तरी ती सिस्टरला हाक मारत नाही. त्या रात्री त्या बाईने हाक मारली, हे माझे नशीब.

पाळी संपताना रजिस्टर भरायचे राहिलेले असते आणि सगळ्या रकान्यांत ‘नाडी 80, पिशवी कडक’ असे एका दमात लिहून टाकण्याचा मोह होतो. एखादी तपासणी चुकली असेल तर रकाना मोकळा सोड आणि इन्चार्ज सिस्टरची बोलणी खा.

रविवारी सुट्टी मिळाली तर घरी ये.

तुझी,
आई