शिक्षणमंत्री साहेब, मुलांचा स्क्रीन टाइम ठरवला, आईबापांचे तास कुणी मोजायचे?

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मी पिंपरी-चिंचवडमध्ये शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. विषय मनाच्या थकव्याचा आहे त्यामुळे हे पत्र आरोग्यमंत्र्यांना जायला हवं असं कुणालाही वाटेल, पण मी मुद्दाम तुम्हाला लिहितेय, कारण कोविडच्या काळात आईबाप, आणि त्यातही आया, ज्या आतून संपत गेल्या त्यातलं बरंच काही शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घडलं आणि ते तुमच्या खात्याचा एक जीआर बदलू शकतो.

आधी थकवा म्हणजे कुठला ते सांगते, कारण आपल्याकडे "आई झालीस म्हणजे दमणारच" इथेच बोलणं संपतं. बेल्जियममधल्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक या दोघी मानसशास्त्रज्ञांनी पॅरेंटल बर्नआउटवर, म्हणजे मुलं वाढवताना येणाऱ्या टोकाच्या थकव्यावर, बरंच काम केलंय. त्यांच्या मांडणीत चार गोष्टी येतात. पालक म्हणून पार गळून जाणं, आधी आपण जशी आई किंवा जसा बाप होतो तसे आता राहिलो नाही ही बोच, मुलांचं करण्याचाच वीट येणं, आणि मुलांपासून मनाने लांब जाणं. म्हणजे डबा होतो, आंघोळ होते, होमवर्क होतो पण पोरगं येऊन बिलगलं की आत काहीच हलत नाही. ऑफिसात हीच बाई हसतबोलत काम करत असते म्हणून कुणाला खरंही वाटत नाही. त्यांच्या संशोधनात याचा संबंध मुलांकडे दुर्लक्ष होणं, मुलांवर हात उचलला जाणं आणि सगळं टाकून निघून जावंसं वाटणं याच्याशी दिसलाय, त्यामुळे हा विषय फक्त मोठ्यांचा नाहीच. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणाच्या यादीमध्ये बर्नआउटची नोंद आहे ती फक्त नोकरीधंद्यापुरती, मुलं वाढवण्याच्या कामाला तिथे जागा नाही.

आता, एकाच सोसायटीत, एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या आया, एक निभावून नेते आणि एक कोलमडते, असं का होतं? स्वभावाचा वाटा आहे. फ्रेंच बोलणाऱ्या पालकांवरच्या २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं की ज्यांचं मन पटकन अस्वस्थ होतं, चिंता धरून बसतं, त्यांना धोका जास्त. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, नीटनेटकेपणा, शिस्त, ठरवलेलं पूर्ण करणं या गोष्टी तिथे धोक्याच्या बाजूला नव्हत्या, उलट त्या कमी असणं धोक्याचं होतं. म्हणजे "तू फार परफेक्शनिस्ट आहेस, म्हणून त्रास होतो तुला" असं जे आपण सहज बोलून जातो ते इतकं सरळ नाहीये.

परफेक्शनिझमचे प्रकार आहेत. ह्युइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्येच ते वेगळे करून दाखवले होते: एक स्वतःकडून स्वतःच्या अपेक्षा, दुसरा आपण इतरांकडून ठेवलेल्या अपेक्षा, आणि तिसरा, लोकांना मी बिनचूकच हवी आहे आणि चुकले तर मला किंमत नाही असं सतत वाटत राहणं. फिनलंडमध्ये महामारीच्या आधी सोर्किला आणि आउनोला यांनी पालकांचा अभ्यास केला, त्यात बर्नआउटशी सगळ्यात घट्ट जोडलेला निघाला तो हा तिसरा प्रकार. बाहेरून लादलेला. साहेब, माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. स्वभावाला औषध नाही असं म्हणतात, ठीक आहे, पण बाहेरून येणारी अपेक्षा कमी करता येते, आणि ती जिथून येते त्यातली एक मोठी जागा तुमच्या अखत्यारीत आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मुंबई-पुण्यात पहिलीची मुलं वर्गात बसली ती डिसेंबर २०२१ मध्ये, आणि जानेवारीत ओमायक्रॉनमुळे परत घरी. मधल्या काळात "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" होतं, दीक्षा हे सरकारी अभ्यासाचं ॲप होतं, सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही मुलांसाठीची शैक्षणिक मालिका होती, चांगल्या हेतूने खूप लोकांनी खूप काम केलं हे मी जवळून पाहिलंय. केंद्राने जुलै २०२० मध्ये प्रज्ञाता नावाच्या सूचना काढल्या, पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं, त्याहून जास्त नाही. मुलाच्या डोळ्यांचा विचार झाला, बरं झालं. पण त्या सत्रानंतर वहीच्या पानांचे फोटो काढून पीडीएफ करायचं, योग दिनाला आसनांचा व्हिडिओ, आषाढीला मुलाला विठ्ठल किंवा वारकरी करून अभंग म्हणतानाचा व्हिडिओ, पंधरा ऑगस्टला भाषण, हे सगळं करणाऱ्या माणसाचे तास कुणीच धरले नाहीत. आणि ते सगळं टाकायचं कुठे, तर सगळे पालक असलेल्या ग्रुपवर! एकीने थर्माकोलचं पंढरपूर उभं केलं की रात्री अकरा वाजता बाकीच्या आयांच्या पोटात गोळा. ज्यांच्या घरात एकच मोबाईल आणि तोही वडील कामावर घेऊन जाणार, त्यांना तर रोज सगळ्यांदेखत मागे पडायचं होतं. शिक्षकांना दोष देणार नाही मी, त्यांना वर पुरावा पाठवायचा होता, वर त्यांनाही कोविडच्या ड्युट्या होत्या.

"आपल्याकडे घरात माणसं असतात, हा पाश्चात्त्यांचा प्रॉब्लेम आहे" असं मला एका बैठकीत ऐकवलं गेलं. ४२ देशांतल्या १७ हजारांहून जास्त पालकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात व्यक्तिवादी समाजांत बर्नआउट जास्त दिसला हे खरंय. पण ती पाहणी महामारीच्या आधीची आहे. लॉकडाऊनने आपल्याकडची नेमकी तीच माणसं काढून घेतली, आजी गावाला अडकली, कामवाल्या मावशींना सोसायटीने गेटवर थांबवलं, पाळणाघर बंद. रोस्काम-मिकोलायचाक म्हणतात की बर्नआउट येतो तो ओझं आणि आधार यांचा तोल दीर्घकाळ बिघडल्यावर, आणि इथे एकाच आठवड्यात ओझं वाढलं आणि आधार गेला. त्यात २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला त्यावर २९९ मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष ९७, म्हणजे हे वाढलेलं काम कुणाच्या अंगावर पडलं असेल ते सांगायला नको.

कोविड संपला, ग्रुप संपले नाहीत. आजही दुसरीतल्या मुलाचं प्रोजेक्ट आईच करते आणि फोटो ग्रुपवर जातो. माझ्याकडे मुलाच्या "चिडचिडेपणा"साठी आलेल्या आया दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत स्वतःबद्दल बोलायला लागतात, आणि बहुतेकींचं पहिलं वाक्य "मी कमी पडते" असंच असतं.

म्हणून मागणी अशी. पूर असो, उष्णतेची लाट असो, पुन्हा साथ असो, शाळा बंद झाली तर पालकाने रोज किती वेळ द्यावा याची वरची मर्यादा जीआरमध्ये लिहा, आणि काम झालं नाही तर मुलाला त्याची किंमत मोजावी लागणार नाही हेही स्पष्ट लिहा. मुलांचे फोटो-व्हिडिओ सामूहिक ग्रुपवर मागवणं बंद करा, आत्ताच करा, द्यायचंच असेल तर फक्त शिक्षकांकडे जाऊ दे. शिक्षकांकडून प्रत्येक उपक्रमाचा फोटो-पुरावा मागणंही थांबवा, नाहीतर तो दबाव फिरून घरातच येणार. पालकसभेत वडिलांनाही बोलवा, नाव घालून बोलवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून चालू आहे, तो शाळेच्या डायरीत पहिल्या पानावर छापा आणि खाली लिहा की हा पालकांसाठीसुद्धा आहे. समुपदेशकांची भरती हा मोठा विषय आहे, त्यावर वेगळं लिहीन.

यातल्या बऱ्याच गोष्टींना जवळजवळ पैसे लागत नाहीत. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत निर्णय झाला तर नवीन वर्गाचे ग्रुप बनतानाच तो लागू करता येईल. मसुदा करायला आमच्यासारख्या समुपदेशकांना आणि काही पालकांना बोलावलंत तर आम्ही येऊ.

आपली,
एक शालेय समुपदेशक, पिंपरी-चिंचवड