नातेवाईक सोडून गिऱ्हाईक किती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळकरी मुलांच्या सामाजिक उद्योगांचं, म्हणजे लोकांची एखादी गरज भागवत स्वतःचा खर्च स्वतः काढणाऱ्या कामांचं, कौतुक करणारा लेख आपल्या अंकात वाचला. कौतुक रास्तच आहे. पण माझी सगळी नोकरी बँकेत लोकांची खाती तपासण्यात गेली. त्यामुळे असं काही वाचलं की माझी नजर आधी 'निव्वळ नफा' या आकड्यावर जाते.

काही वर्षांपूर्वी अशाच उद्योगांच्या एका शालेय स्पर्धेत हिशेब बघायला मला बोलावलं होतं. एका गटानं जुन्या कपड्यांच्या पिशव्या केल्या होत्या. वही देखणी, नफा घसघशीत. "शिवल्या कोणी?" "आईनं." "मग शिलाई कुठे लिहिली?" मुलं एकमेकांकडे बघू लागली. गिऱ्हाइकंही सगळी मामा, काकू, आजोबा. शिलाई धरली असती तर पिशवीमागे तोटाच निघाला असता. फुकट मिळालेले कष्टही खर्चात धरायचे असतात, हे मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं. पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. मी तिथे गप्प बसलो, ती चूक माझी.

दुसरा गट लक्षात राहिला तो तोट्यामुळे. आसपासच्या वृद्धांसाठी शुभेच्छापत्रं करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. सुदैवानं आधी विचारायला गेले. पत्रं कुणालाच नको होती. हवं होतं ते मोबाइलवरची अक्षरं मोठी करून देणारं, फसवा मेसेज कसा ओळखायचा ते न वैतागता पुन्हा पुन्हा सांगणारं कुणीतरी. मग मुलं दर रविवारी दोन तास बसू लागली. फी अगदी थोडी, ज्यांना परवडत नाही त्यांना माफ. दुसऱ्याच महिन्यात खातं तोट्यात गेलं. हिशेब ठेवणाऱ्या मुलीनं तो आकडा लाल शाईनं लिहून शेजारी नोंद केली होती : 'पत्रकं जास्त छापली. आधी मोजायला हवी होती.' इतकी सरळ नोंद मी मोठमोठ्या ताळेबंदांतही क्वचित पाहिली आहे.

अशा कामांना सरसकट 'समाजसेवा' म्हटलं की घोटाळा होतो. देणगीवरचं काम देणगी संपली की थांबतं. सामाजिक उद्योगानं आपला खर्च आपण भागवायचा आणि उरेल ते त्याच कामात घालायचं. गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेबरोबर २००६ चं शांततेचं नोबेल मिळवणारे मुहम्मद युनूस यांची व्याख्या तर आणखी कडक आहे : तोटा नको आणि लाभांशही नको, पैसे घालणाऱ्यानं फक्त आपलं मुद्दल परत घ्यावं. त्याही आधी, १८४४ मध्ये, इंग्लंडमधल्या रॉचडेल इथे विणकर आणि इतर कारागिरांनी मिळून सहकारी दुकान काढलं. भेसळ नसलेला माल त्यांना स्वतःलाच हवा होता, त्यामुळे गिऱ्हाइकाला काय हवं याचा अंदाज बांधत बसावं लागलं नाही. शुभेच्छापत्रांचा बेत गुंडाळणारी मुलं नकळत त्याच वाटेनं गेली होती.

मुलांना कमाईला जुंपणं बरं का, असंही काही पालक विचारतात. शंका फेटाळण्यासारखी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात खेळण्याचा आणि विश्रांतीचा हक्क आहे, आर्थिक शोषणापासून संरक्षणही आहे. मुलांचे रविवार शाळेच्या अहवालातल्या फोटोंसाठी खर्ची पडत असतील, तर तो उद्योग खुशाल बंद करावा. बँकेचं खातं मोठ्या माणसाच्या सहीनं चालवावं लागलं, तर तेही ठीक. मात्र सही करणाऱ्यानं सहीपुरतंच राहावं. काय विकायचं, कितीला विकायचं, कधी थांबायचं हे मुलांनी ठरवावं, मग भले बुडीत निघो.

स्पर्धा भरवणाऱ्यांना एवढीच विनंती : अर्जात दोन रकाने वाढवा. नातेवाईक सोडून गिऱ्हाइकं किती? आणि फुकट मिळालेल्या मदतीची किंमत किती? पिशव्यांच्या गटाची वही मला पुन्हा तपासायला मिळाली, तर मी या दोन रकान्यांपासूनच सुरुवात करीन.

– एक निवृत्त बँक कर्मचारी