गळाचे रीळ आणि तापीचा गाळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत गळाने मासे धरण्याच्या छंदावर जो लेख आला होता, त्यात रिळाच्या (काठीवरच्या, तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) निगेविषयी जेमतेम तीन वाक्ये होती : घरी आल्यावर रीळ नळाखाली धरून धुवावे, सुकवावे आणि आत भरपूर ग्रीस भरावे. भुसावळच्या रेल्वे कारखान्यात फिटर म्हणून माझी उमेदीची वर्षे गेली आणि सुटीचा जवळजवळ प्रत्येक दिवस हतनूरच्या पाण्याकाठी गेला, म्हणून या तीन वाक्यांबद्दल चार शब्द लिहावेसे वाटतात. (रील म्हटले की हल्ली नातवंडे मोबाइल पुढे करतात, तेव्हा मी जुना 'रीळ' हाच शब्द वापरतो.)

धुण्याचा सल्ला मुळात समुद्रकाठचा आहे, आणि तिथे तो योग्यच आहे. खाऱ्या पाण्यातले मीठ धातू खाते. पण मीठ पाण्यात विरघळते, त्यामुळे गोड्या पाण्याची हलकी धार सोडली की ते वाहून जाते. आपल्याकडे मिठाचा प्रश्नच नाही. आपल्याकडे आहे तो तापी-पूर्णेने आणलेला गाळ, ज्याने हतनूरचा जलाशय किती भरत आला आहे याच्या बातम्या आपणच वेळोवेळी छापता. हा गाळ पाण्यात विरघळत नाही, तो पाण्याबरोबर सरकतो. चांगदेवच्या बाजूला पाणी ओसरल्यावर काठावर जो थर राहतो, तो वाळल्यावर चिमटीत चोळून पाहावा : आधी अंगाला लावायच्या पावडरीसारखा मऊ लागतो आणि मग बोटांच्या टोकांना त्यातली कचकच जाणवते. असा गाळ बाहेरून लागलेले रीळ आपण नळाच्या धारेखाली धरले, की पाणी त्याला फटीफटीतून आत, थेट बेअरिंगच्या गोळ्यांपर्यंत नेऊन सोडते. पाणी सुकून जाते आणि गाळ तिथेच राहतो. पुढे तो ग्रीसमध्ये मिसळला की त्याची लॅपिंग पेस्ट होते, जी आम्ही कारखान्यात धातू घासण्यासाठी मुद्दाम वापरत असू.

म्हणून माझी पद्धत उलटी आहे. रीळ ओले असताना त्याला हात लावायचा नाही. सावलीत पूर्ण वाळू द्यायचे, मग दाढीच्या जुन्या मऊ ब्रशने बाहेरचा सगळा गाळ झटकायचा, आणि त्यानंतरच घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचे. पुसताना ड्रॅगची (मासा ओढू लागला की तंगूस ताण राखून सोडणाऱ्या ब्रेकची) चकती आवळलेली असावी, म्हणजे तिच्याखालच्या वॉशरपर्यंत ओल जात नाही. रीळ चिखलात पडले असेल, तर मात्र वरवरच्या पुसण्याने काही होत नाही, ते उघडावेच लागते.

सगळ्यात आधी बिघडतो तो तंगूस ज्यावरून वळतो तो छोटा रोलर, आणि बहुतेकांचे लक्ष नेमके त्याच्याकडे नसते. मक्याच्या दाण्याएवढा हा तुकडा तंगुसाबरोबर फिरला पाहिजे. फिरतो की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून मी त्याच्यावर स्केचपेनाचा एक ठिपका देतो, तंगूस ओला करून ताणतो आणि सावकाश हँडल फिरवतो. ठिपका जागेवरच बसून राहिला तर रोलर गाळाने धरला आहे असे समजावे. असा अडकलेला रोलर तंगूस कातरतो, आणि पुढे त्या रोलरलाच एका जागी घळ पडते, जी नखाने चाचपली तर लागते. दर दोन-तीन खेपांनंतर तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, तोही टाचणीच्या टोकावरून, पुरतो.

खोबरेल तेल मात्र वापरू नये. आमच्या काठावर कितीतरी जणांना ती सवय आहे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठू लागते आणि खानदेशातली जानेवारीची पहाट तर १० अंशांच्या आसपास असते. अशा वेळी हँडल जड लागते, माणूस म्हणतो रीळ गंजले, आणि दहा वाजता ऊन चढले की तेच रीळ आपोआप सुटते. शेंगदाण्याचे तेल गोठले नाही तरी काही महिन्यांत चिकट होऊन दात्यांना डिंकासारखे बसते.

आता 'भरपूर ग्रीस' या सल्ल्याविषयी. ग्रीस मोठ्या गिअरच्या आणि पिनियनच्या, म्हणजे लहान गिअरच्या, दात्यांना लागते, आणि तेही दाते झाकतील इतक्या पातळ थरापुरतेच. हँडल उलटे फिरू न देणारे जे एकदिश बेअरिंग असते, त्याला घट्ट ग्रीस लागता कामा नये. त्याच्या आत सुईसारखे बारीक रोलर उतरत्या खाचांत बसलेले असतात आणि केसासारख्या स्प्रिंग त्यांना खाचेच्या अरुंद बाजूकडे ढकलत असतात. हँडल उलटे जाऊ लागले की रोलर तिथे अडकून दांडा धरतात. ग्रीस दाट असले तर त्या स्प्रिंगांचे बळ पुरत नाही आणि रोलर तरंगत राहतात. माझे एक चांगले रीळ मी मोठ्या शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात दिले होते. ते 'सर्व्हिस करून' परत आले, आणि पहिल्याच रविवारी कटला लागल्यावर हँडल गरकन उलटे फिरून माझ्या बोटांच्या सांध्यांवर आदळले. मासा गेलाच, बोटे आठवडाभर सुजली. घरी येऊन उघडले तर ते बेअरिंग लोण्याच्या डबीसारखे ग्रीसने भरलेले होते. पेट्रोलमध्ये धुऊन (हे काम उघड्यावर आणि विडी-काडी दूर ठेवून करावे) पातळ तेलाचा नुसता हात फिरवला, आणि तेव्हापासून ते रीळ तक्रार न करता चालते आहे.

हे तत्त्व सायकलच्या फ्रीव्हीलला जवळचे आहे : एका बाजूला धरायचे, दुसऱ्या बाजूला सोडायचे. १९२१ साली जपानमध्ये फ्रीव्हील बनवण्यापासून सुरुवात करणारी शिमानो कंपनी पुढे १९७० पासून रिळांच्या धंद्यात आली, याचे मला म्हणूनच कधी नवल वाटले नाही. गावात रीळ दुरुस्त करणारा नसेल, तर ते घड्याळजीकडे किंवा चांगल्या हाताच्या सायकलवाल्याकडे न्यावे. त्यांना निदान सुटे भाग कोणत्या क्रमाने निघाले हे लक्षात ठेवायची सवय असते. स्वतः उघडणाऱ्याने खाली पांढरे धोतर किंवा चादर अंथरावी, भाग अंड्याच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवावेत आणि प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो काढावा. बेलची, म्हणजे तंगूस रिळावर वळवणाऱ्या तारेच्या कमानीची, स्प्रिंग टिचकी मारल्यासारखी उडते. माझी एक अंगणातल्या तुळशीत सापडली होती, दुसरी अजून सापडायची आहे.

धातूचे दाते धुवायला रॉकेल उत्तम, पण रेशनवरचे रॉकेल दुर्मीळ झाल्यापासून मी डिझेल वापरतो. ड्रॅगचे वॉशर दोन्हींपासून दूर ठेवावेत. त्यातले नमद्याचे वॉशर डिझेल पितात आणि मग ड्रॅग झटके देऊ लागतो, म्हणजे मासा ओढत असताना तंगूस सलग न सुटता टप्प्याटप्प्याने सुटतो आणि त्यातल्याच एखाद्या टप्प्याला तुटतो.

आपल्या उन्हाळ्याचाही हिशेब धरायला हवा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा मोटारीच्या डिकीत त्याहून कितीतरी अधिक तापते. अशा उष्णतेत ग्रीसमधले तेल पाझरून बाहेर येते आणि दात्यांवर नुसता घट्ट साका उरतो. रिळाच्या बुडाशी तेलाचा डाग दिसला, तर ग्रीस जास्त झाले असावे किंवा ते फुटले असावे. कडक उन्हात नायलॉनचा तंगूसही ठिसूळ होतो, तो वर्षाला बदललेला बरा.

एक विनंती आहे. हे पत्र छापण्याजोगे वाटले, तर मृग लागण्यापूर्वी छापावे. पाऊस सुरू झाला की आमच्यापैकी बरेच जण रीळ आवळलेल्या ड्रॅगसह कपाटात टाकतात, हतनूरचे दरवाजे उघडतात, पाणी गढूळ होते, आणि दसऱ्यापर्यंत रिळाकडे कोणी पाहत नाही. तेवढ्या चार महिन्यांत वॉशर दाबून एकमेकांना चिकटतात. ड्रॅगची चकती पूर्ण सैल करून ठेवायला दहा सेकंदही लागत नाहीत.

आपला,
एक निवृत्त फिटर, भुसावळ