किती हाकला हाकला

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

तुमच्यासमोर बसले की गोष्ट चहाच्या पुढे सरकत नाही, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

आमचे हे पोळ्यानंतर गेले. तेरवी आटोपली, तोवर पऱ्हाटी, आपली कपाशी, फुटायला लागली होती. जो तो म्हणे, "विसर आता, लेकरांकडे पाहा." विसरायला ती काय बाजारात राहिलेली पिशवी होती?

तुम्ही तसलं काही बोलल्या नाहीत. गुडघे दुखत असताना ओटी बांधून माझ्या शेजारच्या तासाला, कपाशीच्या ओळीला, वेचायला लागल्या. बोंडांची वाळली टोकं बोटांना टोचत होती. मध्येच माझा हात थांबला. धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसून हे पाणी प्यायचे, तिकडेच पाहत राहिले. तुम्ही वेचता वेचताच म्हणाल्या,

"मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर."

शाळेत ही कविता तुम्हीच शिकवली होती. 'शब्द पुन्हा आल्यामुळे नाद निर्माण होतो' असं लिहून मी गुणही मिळवले होते. त्या दिवशी वावरात मात्र वेगळंच ऐकू आलं. 'हाकला' एकदाच असतं, तर ढोर गेलं असतं धुऱ्यापलीकडे. ते दोनदा आहे, म्हणजे बहिणाबाईंचंही ऐकत नव्हतं. तरुणपणीच कपाळ पुसलं गेलेली, शेतात राबणारी ती बाई. तिचंही मन फिरून फिरून यायचं. मग माझं आलं तर मी काय वेडी?

तुम्ही एवढंच म्हणाल्या, "येऊ दे वं माय. पुन्हा हाकलू."

रात्री तुमची कवितांची वही उघडली. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. गाणी दुसऱ्यांनी टिपली आणि पुस्तक निघालं 1952 साली, त्या गेल्यावर. 'अरे घरोटा घरोटा, तुझ्यातून पडे पिठी' वाचताना वाटलं, जातं फिरतं तशीच ओळ फिरते आहे. आधी हात, मागून शब्द. वेचणीतही तेच: बोंड, ओटी, बोंड, ओटी. डोळे वाहत असले तरी हाताला लय सापडली की श्वास धड होतो. बोली खानदेशातली, पण आपल्या वऱ्हाडी कानाला ती मावशीसारखीच.

बालकवींचं 'आनंदी आनंद गडे' होतं, ते पान मी रागानं उलटलं. इकडे आनंद, तिकडे आनंद. तेव्हा नाहीच सोसलं. 'औदुंबर'पाशी मात्र थांबले. ऐल तटावर पैल तटावर हिरवळ, पुढे गाव, शेतमळे, पायवाट, आणि शेवटी पाण्यात पाय टाकून बसलेलं ते झाड. त्याला कुणी ऊठ म्हणत नाही.

यंदाची वेचणी लागली आहे. थोरली माझ्या मागच्या तासाला असते. मी 'किती' म्हटलं की ती 'हाकला हाकला' म्हणते, जोरात, कधी कधी खरंच ढोर शिरल्यासारखी.

वही अजून माझ्याकडेच आहे. घरोट्याच्या पानावर वरण सांडलं, तेवढं माफ करा.

तुमची विद्यार्थिनी