बाबा, त्या सिनेमातला माग चुकला होता

सोलापूर,
रविवार रात्र

तीर्थरूप आई आणि तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर "सिनेमाला गेले होते" एवढंच म्हटलं, तर बाबा म्हणाले, "आता या वयात?" आणि आईने लगेच विचारलं, "कोणाचा गं?" कोणाचाच नाही. ओळखीचा चेहरा एकही नव्हता, झाडाभोवतीची गाणी नव्हती, तरी शनिवार-रविवार दोन्ही दिवस मी एका कॉलेजच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून काढले. फोनवर हे सांगता येईना. तिकडे ताईचा मिक्सर आणि बाबांचा कान, दोन्हींपुढे माझं काय चालणार! म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव.

काही हौशी पोरं आणि दोन-तीन प्राध्यापक यांनी मिळून हा छोटा महोत्सव भरवला होता. तिकीट नाही. नाव लिहायचं नि बसायचं. मोठी कंपनी आणि मोठा नट पाठीशी नसताना, वर्गणी-उसनवारी करून काढलेले सिनेमे. सोय यथातथाच. खिडक्यांना काळं कापड लावलेलं, पण दुपारचं आपलं ऊन फटीतून पडद्यावर यायचंच. स्पीकर मधूनच घोगरा व्हायचा. पुढे उंच माणूस बसला की खालची अक्षरं गेली. शनिवारी पाण्याचा दिवस होता, त्यामुळे टाकी, पिंपं, कळशा भरेपर्यंत पहिला सिनेमा हुकलाच.

पण दुसरा मिळाला, आणि तो आईने बघायलाच हवा होता. 'तिथी' नावाचा कन्नड सिनेमा, राम रेड्डी यांचा. 2015 साली स्वित्झर्लंडच्या लोकार्नो महोत्सवात त्याला बक्षीस मिळालं. सगळे मंड्या जिल्ह्यातले गावकरी, शिकलेला नट असा नाहीच. सुरुवातीलाच एक म्हातारा रस्त्याकडेला बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या घालतोय. शंभरी ओलांडलेला, म्हणून नावच सेंच्युरी गौडा. उठतो, चार पावलं जातो, आणि पडतो तो गेलाच. हॉल आधी हसत होता, मग गप्प झाला, आणि शेजारच्या अक्का पुन्हा फिस्सकन हसल्या. आता अकराव्या दिवशी गावजेवण घालायचं. मुलगा गड्डप्पा बिडी ओढत रानोमाळ हिंडतो, त्याला बापाच्या जाण्याचंही काही नाही आणि जमिनीचंही नाही. नातवाला मात्र जमीन विकायची घाई. ती बापाच्या नावावर होत नाही तोवर विकता येत नाही, आणि बाप तर सहीच्या नावाने फिरकत नाही. मग हा नातू जिवंत बापालाच कागदावर मारतो. पुढचं सांगत नाही. बाबा, मला आपल्या काकांचा सात-बारा आठवला, पण पत्रात तो विषय नको.

अक्का म्हणाल्या, "भाषा तिकडची म्हैसूरकडची आहे, पण माणसं सगळी आपल्या वळसंगची." आई, तुझी अक्कलकोटची कन्नड घेऊन बसली असतीस तर तुला खालची अक्षरं वाचायची गरजच पडली नसती. मरणावर एवढं हसता येतं आणि तरी मेलेल्याचा अपमान होत नाही, हे मला फार आवडलं. एकच, मधला धनगरांच्या पालावरचा भाग जरा लांबलाय. अक्कांना तोच सगळ्यात आवडला, तेव्हा माझं ऐकू नकोस.

संध्याकाळी बाबांचा सिनेमा. म्हणजे तेलुगू. मागावर तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांबरोबर आयुष्य काढून तुम्ही जी तेलुगू शिकलात, तिला तिथे चांगलं काम मिळालं असतं. 'केअर ऑफ कंचरापालेम', 2018 चा, वेंकटेश महा यांचा. कंचरापालेम हा विशाखापट्टणममधला एक भाग, आणि त्यात काम करणारी ऐंशीहून जास्त माणसं तिथलीच. चार प्रेमप्रकरणं आहेत, शाळेतल्या पोरापासून ते पन्नाशीला टेकलेल्या, लग्न न झालेल्या शिपायापर्यंत. हा शिपाई आणि त्याच्या ऑफिसातली मोठी बाई यांचं जे हळूहळू जमतं, ते बघताना मागच्या रांगेतली कन्ना चौकातली चार-पाच माणसं अशी बोलत होती जणू लग्न त्यांच्याच गल्लीत ठरतंय. शेवटी एक गाठ सुटते, तेव्हा कोणीतरी कपाळावर हात मारल्याचा आवाज मी ऐकला. गाणी थोडी जास्त आहेत आणि मधे एक मरण फार पटकन उरकलंय. पण माणूस बाहेर पडतो तो खुशीत. अशोक चौकाकडे जाणारी रिक्षा मिळेपर्यंत ती मंडळी तेच बोलत होती.

आज सकाळी आपल्याकडच्या पोरांच्या शॉर्टफिल्म होत्या. नागराज मंजुळे आपल्या जिल्ह्यातले, करमाळ्याच्या जेऊरचे. 'पिस्तुल्या' या छोट्या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहेच. त्यामुळे प्रत्येक पोराच्या डोक्यात तेच. वाईट नाही, पण तीनपैकी एका फिल्ममध्ये ड्रोनवरून सिद्धेश्वर तलाव, ड्रोनवरून देऊळ, ड्रोनवरून भुईकोट, वर करुण पियानो. माणूस एक नाही. ती फिल्म होती की पर्यटन खात्याची जाहिरात, कळेना. दुसरीत एक बाई बराच वेळ भिंतीकडे बघते. मला ती कळली नाही, आणि कळल्यासारखी मान हलवणाऱ्यांचाही मला संशय आहे.

तिसरी मात्र यंत्रमागावरची. एमआयडीसीतल्या एका कारखान्यातली रात्रपाळी. पहिलंच वाक्य, "काय करूलालास बे?" आणि सगळा हॉल ओरडला. पडद्यावर आपण बोलतो तसं कोणी बोलतच नाही ना कधी. बाबा, तुम्ही असता तर दोन मिनिटांत खुर्चीतून उठला असता. कॅमेरा मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यावर जातो, अगदी जवळून, आणि धोट्यातली आडव्या सुताची कांडी रिकामी. पुढच्या क्षणी तोच माग खडखड चालू आणि चादर वाढतेय. कांडी संपल्यावर माग थांबतो हे जॉबरच्या, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याच्या, पोरीला कोण शिकवणार! मी शेजारच्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "काकू, कुणाच्या लक्षात येतंय?" येतंय की. या गावात अर्ध्या हॉलच्या लक्षात येतंय.

पण चूक सोडा. मधेच वीज जाते. सगळे माग एकदम बंद पडतात, आणि त्या शांततेत दोन कामगार एकमेकांशी तसेच ओरडून बोलत राहतात. कारण त्यांच्या कानात माग चालूच आहे. त्या पोराने इथे संगीत घातलं नाही, कोणाला रडवलं नाही, नुसतं ते ओरडून बोलणं चालू ठेवलं. एक जण दुसऱ्याला विचारतोय, पोरीची फी भरली का, आणि सगळ्या कारखान्याला ऐकू जातंय. आई, बाबा पाळीवरून आले की तू दार लावायचीस, "लोकांना वाटेल भांडताहेत" म्हणून. मला तो आवाज आठवला. दोन दिवसांत मी जे बघितलं, त्यात हे मिनिटभर सगळ्यांत वर. परदेशात बक्षीस मिळवलेल्या सिनेमांच्याही वर, असं मी लिहून ठेवते.

नंतर प्रश्नोत्तरं झाली. एका आजोबांनी त्या पोराला विचारलं, "यातून पैसे सुटले किती?" तो म्हणाला, "सुटले नाहीत, गेले." आजोबा म्हणाले, "मग आमच्या धंद्यासारखंच."

शेवटचा सिनेमा 'स्थळ'. जयंत सोमलकर यांचा, विदर्भातला. 2023 ला टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक, म्हणजे आशियाई सिनेमांसाठीचा, पुरस्कार मिळाला. सविता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला पुढे स्पर्धा परीक्षा द्यायच्यात, आणि कापूस पिकवणाऱ्या बापाला तिचं लग्न उरकायचंय. बाप वाईट नाही, हे त्या सिनेमाचं मोठेपण. कापसाला भाव नाही आणि घरात लग्नाची पोर, असा तो दोन्हीकडून अडकलाय. पाहुणे येतात, पुरुषांची रांग बसते, सविता स्टुलावर. नाव काय, उंची किती, शिक्षण किती, आवड काय. मग नवे पाहुणे, आणि पुन्हा तेच. दिग्दर्शक हे कापत नाही, प्रत्येक वेळी पूर्ण दाखवतो. माझ्या पुढचा मुलगा कंटाळून मोबाईल काढत होता. कंटाळा यायलाच हवा तिथे. तिला येत नसेल?

आता एक सांगते. त्या सिनेमाची सुरुवात स्वप्नाने होते. स्वप्नात स्टुलावर मुलगा बसलाय आणि सविता नि बायका त्याला प्रश्न विचारताहेत. सगळे हसले. मला बार्शीची ती मंडळी आठवली. मुलाच्या आत्याने मला सुईत दोरा ओवायला सांगितलं होतं, डोळे बघायला. आणि बाबा, तुम्ही डबीतली सुई उचललीत नि मुलापुढे धरलीत. "आमच्या घरात दोऱ्याचं काम मी बघतो. आधी जावईबापूंना येतं का बघू." त्याला आलं नाही. ते स्थळ गेलं, आईने तुमच्याशी अबोला धरला, आणि नातेवाइकांत तुमचं नाव तिरसट म्हणून पडलं ते पडलंच. मी तेव्हा आत जाऊन पोह्यांचं पातेलं घासत बसले, तुम्हाला वाटलं रडतेय. रडत नव्हते. हसू येत होतं आणि ते आईला दिसू नये म्हणून पातेलं घासत होते. आई, आता एवढ्या वर्षांनी रागावू नकोस.

दिवे लागल्यावर त्या मागवाल्या पोराला गाठलं आणि कांडीचं सांगितलं. आधी पडला तोंडघशी, मग वहीच काढली. म्हणाला, काकू, आम्ही दोन तासांत शूट केलं, मालक ओरडत होता, मला कोणी जॉबर भेटवा. पुढची फिल्म मोठी करायचीय त्याला. मी तुमचा नंबर दिलाय. बाबा, अनोळखी नंबर म्हणून कापू नका. आणि फोन उजव्या कानाला लावा.

शेंगाची चटणी आणि कडक भाकरी ताईच्या शेजाऱ्यांबरोबर पाठवतेय, ते गुरुवारी निघताहेत. चटणी या वेळी कमी तिखट केलीय, बाबांच्या गोळ्या चालू आहेत म्हणून. गुडघ्याचा एक्स-रे झाला की फोटो काढून पाठवायला ताईला सांग.

तुमची,
धाकटी